पुरवणी मागण्यांसोबत खर्चाचा तक्ताही मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हा वृत्तपत्रे त्याला पानेच्या पाने देतात. वर्षाच्या मध्येच सरकार विधिमंडळाकडे जादा खर्चाची मंजुरी मागते, त्या पुरवणी मागण्या मांडल्या जातात त्या दिवशी मात्र एकूण रक्कम आणि मोठ्या चार-पाच विभागांचे आकडे देणारी एक चौकट येते आणि विषय संपतो. गेल्या दोन वर्षांचे आकडे पाहिले तर राज्याचा पैसा कुठे जाणार याचा मोठा भाग आता या चौकटीतच ठरतो. अर्थसंकल्प पारदर्शक व्हावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी आपली मागणीही तिथूनच सुरू करायला हवी.

२०२४-२५ हे वर्ष घ्या. लोकसभा निवडणुकीमुळे फेब्रुवारीत लेखानुदान (काही महिन्यांपुरती खर्चाची मंजुरी) झाले आणि पूर्ण अर्थसंकल्प २८ जून २०२४ रोजी मांडला गेला. एकूण खर्च ६ लाख १२ हजार २९३ कोटी आणि महसुली तूट २० हजार ५१ कोटी. अकराव्या दिवशी, ९ जुलैला, ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. त्यातले २५ हजार कोटी मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी होते, आणि या योजनेची घोषणा २८ जूनच्या भाषणातच झाली होती. डिसेंबरात ३५ हजार ७८८ कोटी आणि मार्चमध्ये ६ हजार ४८६ कोटी आणखी आले. वर्षभराची बेरीज १ लाख ३७ हजार कोटींच्या पुढे गेली, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. २०२५-२६ मध्ये ७ लाख २० कोटींचा अर्थसंकल्प मंजूर झाला. ३० जून २०२५ रोजी ५७ हजार ५०९ कोटी आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात ७५ हजार २८६ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. ते अधिवेशन ८ ते १४ डिसेंबर असे सात दिवसांचे होते.

पुरवणी मागण्या बेकायदा नाहीत हे आधी स्पष्ट करतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ मध्ये त्यांची तरतूद आहे. वर्ष सुरू झाल्यावर अतिवृष्टी होते, केंद्राचा हिस्सा उशिरा येतो, न्यायालयाच्या आदेशाने देणे द्यावे लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांसाठी ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले. तो पूर मार्चमध्ये कुणाला दिसणार होता? अशा खर्चासाठी पुरवणी मागणी आणणे हाच योग्य मार्ग आहे. पण अर्थसंकल्पाच्या भाषणात जाहीर झालेल्या योजनेचा पैसा अकरा दिवसांनी पुरवणीतून आला, तर भाषणाच्या दिवशी सांगितलेल्या तुटीच्या आकड्याला काय अर्थ उरतो, हा प्रश्न विचारायलाच हवा. अनपेक्षित खर्च आणि माहीत असूनही अर्थसंकल्पाबाहेर ठेवलेला खर्च, या दोन्हींसाठी आज पुरवणी मागण्यांची एकच पुस्तिका वापरली जाते आणि वाचणाऱ्याला त्यांतला फरक कळत नाही.

चौकटीतल्या रकमेबद्दलही एक गोष्ट समजून घ्यावी लागते. ५७ हजार ५०९ कोटी ही ढोबळ रक्कम आहे. तिचा निव्वळ भार ४० हजार ६४४ कोटी होता. जुलै २०२४ च्या ९४ हजार ८८९ कोटींचा निव्वळ भार ८८ हजार ७७० कोटी होता. हा फरक का पडतो? काही मागण्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात केलेल्या पुस्तकी नोंदी असतात. काहींची भरपाई त्याच मागणीतल्या (म्हणजे विभागाच्या खर्चाच्या त्याच क्रमांकित गटातल्या) बचतीतून किंवा येणाऱ्या जमेतून होते. विरोधक ढोबळ आकडा सांगतात, सरकार निव्वळ आकडा सांगते. दोघांचेही बरोबर असते आणि नागरिक गोंधळतो. निव्वळ आकडा कसा निघाला याचा मागणीनिहाय तक्ता पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापला तर हा वाद पाच मिनिटांत मिटेल. सध्या जाहीर होणारी फोड फार तर तीन ओळींची असते. जून २०२५ ची फोड अशी होती: अनिवार्य खर्च १९ हजार १८३ कोटी, कार्यक्रमांतर्गत ३४ हजार ६६१ कोटी, केंद्र पुरस्कृत ३ हजार ६६४ कोटी. तीन ओळींवरून साडेसत्तावन्न हजार कोटींची तपासणी होत नाही.

पुस्तिकेच्या आत प्रत्येक बाबीसाठी मागणी क्रमांक, लेखाशीर्ष (खर्चाच्या बाबीचा हिशेबातला संकेतांक), रक्कम आणि चार ओळींचे स्पष्टीकरण असते. ते बहुतेक ‘मंजूर तरतूद अपुरी असल्याने अतिरिक्त निधीची आवश्यकता आहे’ याच धर्तीचे असते. अपुरी म्हणजे किती? मूळ तरतूद किती होती, त्यातली आजपर्यंत किती वितरित झाली, किती खर्च झाली आणि त्याच मागणीत दुसरीकडे किती रक्कम पडून आहे? या चार आकड्यांशिवाय आमदाराने हात कशाच्या आधारावर वर करायचा? मूळ तरतूदच पुरी खर्च झाली नसताना पुरवणी घेतली गेली आणि ती अनावश्यक ठरली, हा शेरा भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या राज्य वित्तावरील अहवालांत पुन्हा पुन्हा येतो. पण तो येईपर्यंत वर्ष उलटून गेलेले असते. तेच आकडे मतदानाच्या आधी समोर असते तर ती मागणी तिथेच थांबवता आली असती.

आणि हे आकडे सरकारकडे रोजच्या रोज असतात. महाराष्ट्रात अर्थसंकल्पाचे वितरण ‘बीम्स’ या संगणकीय प्रणालीतून होते. वित्त विभाग प्रशासकीय विभागाला निधी सोडतो, विभाग नियंत्रक अधिकाऱ्याला, नियंत्रक अधिकारी देयके काढणाऱ्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याला म्हणजे डीडीओला. डीडीओने बीम्सवरून प्राधिकारपत्र काढल्याशिवाय कोषागार, आणि मुंबईत अधिदान व लेखा कार्यालय, देयक घेत नाही. प्रत्येक टप्प्याची तारीख, वेळ आणि लेखाशीर्ष यंत्रात नोंदलेले असते. त्यामुळे पुरवणी मागण्या छापायला जातात त्या दिवशी प्रत्येक लेखाशीर्षापुढे ‘वितरित’ आणि ‘खर्च’ हे दोन स्तंभ भरायला फार तर एक दिवस पुरेल. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ हे उत्तर इथे लागू पडत नाही.

वितरणाच्या या टप्प्यालाच मोठा निर्णय होतो आणि तो सभागृहात येत नाही. सर्वांत ठळक उदाहरण ४ मे २०२० चे आहे. करोनामुळे उत्पन्न आटले तेव्हा वित्त विभागाने शासन निर्णय काढून विकासकामांसाठी मंजूर तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल असे कळवले. परिस्थिती असाधारण होती, निर्णयही बहुधा अपरिहार्य होता. पण विधिमंडळाने मंजूर केलेली कार्यक्रमांवरची ६७ टक्के तरतूद एका शासन निर्णयाने गोठली. मंजूर रक्कम तिजोरीतून काढण्याचा अधिकार देणारा विनियोजन कायदा खर्चाची कमाल मर्यादा ठरवतो, तेवढा खर्च केलाच पाहिजे असे तो सांगत नाही, म्हणून हे कायद्यात बसते. साध्या वर्षातही वित्त विभाग टक्केवारीची मर्यादा घालूनच निधी सोडतो. मंजूर तरतूद १०० असेल तर विभागाच्या हातात किती आले, हे कळल्याशिवाय ‘विभागाने निधी खर्चच केला नाही’ या आरोपाचा निवाडा करता येत नाही. निधी उशिरा सुटला की निविदा उशिरा निघाली? दोष दोन वेगळ्या दारांत आहे.

दुसरा आडमार्ग पुनर्विनियोजनाचा. एकाच मागणीत एका लेखाशीर्षावरची बचत दुसरीकडे वळवण्याचा अधिकार शासनाला आहे. एका मागणीतून दुसऱ्या मागणीत, महसुली खर्चातून भांडवली खर्चात किंवा दत्तमत (सभागृहाच्या मताने मंजूर होणाऱ्या) खर्चातून भारित (मतास न टाकल्या जाणाऱ्या) खर्चात असे वळवता येत नाही, आणि सभागृहाने कधी मान्यताच न दिलेली नवीन बाब यातून सुरू करता येत नाही. नियमांची ही चौकट चांगली आहे. पण हे आदेश एका ठिकाणी प्रसिद्ध होत नाहीत. मार्चमध्ये एखाद्या योजनेची तरतूद ठळकपणे जाहीर झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत ती निम्मी वळवली गेली, तर पहिली बातमी सर्वांना माहीत असते, दुसरी कुणालाच नसते. प्रत्येक पुनर्विनियोजन आदेश आणि ३१ मार्चचे प्रत्येक समर्पण (न वापरलेला निधी परत करणे) निघाल्यापासून सात दिवसांत वित्त विभागाच्या संकेतस्थळावर, लेखाशीर्षानुसार शोधता येईल अशा रीतीने, आलेच पाहिजे.

आता हे तपासायचे कसे, ते नागरिकाच्या बाजूने सांगतो. गावात रस्त्याच्या किंवा सभामंडपाच्या फलकावर ‘२५१५’ लिहिलेले असते. लोक त्याला ‘पंचवीस-पंधरा’चे काम म्हणतात. २५१५ म्हणजे ‘इतर ग्रामविकास कार्यक्रम’ हे प्रधान शीर्ष. ‘पन्नास-चोपन्न’ म्हणजे ५०५४, रस्ते व पुलांवरचा भांडवली खर्च. ‘तीस-चोपन्न’ म्हणजे ३०५४, त्यांची देखभाल-दुरुस्ती. कामाच्या शासन निर्णयाच्या शेवटी मागणी क्रमांक, लेखाशीर्ष, संगणक संकेतांक आणि उद्दिष्ट शीर्ष दिलेले असते. उद्दिष्ट शीर्षावरून पैसा कशावर गेला ते समजते: ०१ वेतन, १३ कार्यालयीन खर्च, ३१ सहायक अनुदाने (वेतनेतर), ३३ अर्थसहाय्य, ५३ मोठी बांधकामे. तोच संकेतांक विभागाच्या अर्थसंकल्पीय पुस्तकात शोधला की चार स्तंभ सापडतात. २०२५-२६ च्या पुस्तकात ते असे असतात: २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च, २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय अंदाज, २०२४-२५ चा सुधारित अंदाज आणि २०२५-२६ चा अर्थसंकल्पीय अंदाज. सुधारित अंदाज हाही अंदाजच असतो आणि आठ महिन्यांच्या खर्चावर बांधलेला असतो. प्रत्यक्ष खर्चाचा आकडा दोन वर्षे मागचा. ज्या वर्षावर चर्चा चालू आहे त्या वर्षाचा खरा खर्च पुस्तकात छापून येतो तेव्हा सभागृह त्याच्या पुढच्या-पुढच्या वर्षाबद्दल बोलत असते.

त्यात पुस्तके पीडीएफमध्ये असतात. काही जुन्या मराठी टंकांतली, त्यामुळे शब्द शोधला तर सापडत नाही, आकडे उचलून बेरीज करता येत नाही. पाच वर्षांचा एका योजनेचा तक्ता बनवायचा तर माणसाने वही घेऊन बसावे लागते. संगणकात तयार झालेली माहिती छापील पानात बंद करून प्रसिद्ध करायची आणि ती वाचकाने पुन्हा संगणकात भरायची, ही उलटी मेहनत बंद व्हावी. तीच सारणी युनिकोडमध्ये, उघड्या स्वरूपात द्यावी आणि योजनेचा संकेतांक बदलला तर जुना संकेतांक शेजारी लिहावा. योजनेचे नाव बदलले, विभाग विभागला गेला, संकेतांक बदलला की मागचा धागा तुटतो. जाणूनबुजून कुणी करत नसले तरी परिणाम तोच होतो.

एकाच योजनेचा पैसा अनेक मागण्यांत विखुरलेला असतो ही आणखी एक अडचण. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख वर्ग झाल्यावर मोठा वाद झाला. निधी पळवला की त्या-त्या घटकातल्या लाभार्थ्यांसाठीच वापरला, यावर दोन्ही बाजूंनी दावे झाले. हा वाद पुरावे बघून सोडवण्यासारखा आहे, पण त्यासाठी योजनेचे सर्व विभागांतले सर्व लेखाशीर्ष एका पानावर आणि प्रत्येकापुढे लाभार्थ्यांची संख्या असे विवरण हवे. अनुसूचित जाती आणि जनजाती घटक कार्यक्रमांच्या, म्हणजे त्या समाजांसाठी राखून ठेवलेल्या निधीच्या बाबतीत तर हे विवरण बंधनकारकच असायला हवे. त्या निधीचा कोणता भाग खास त्या समाजासाठीच्या योजनांवर गेला आणि कोणता सर्वसाधारण योजनेतला त्यांचा वाटा म्हणून दाखवला, हे वेगळे छापले जात नाही तोवर त्या समाजाला आपल्या हक्काचा हिशेब मागता येणार नाही. मला हा या सगळ्या विषयातला सर्वांत टोचणारा भाग वाटतो.

मार्च महिन्याबद्दल थोडक्यात. कोषागार नियमांनुसार तातडीने द्यायची असल्याशिवाय रक्कम काढू नये. तरी निधी व्यपगत होऊ नये, म्हणजे वर्षअखेरीस परत जाऊ नये, म्हणून शेवटच्या दिवसांत तो काढून स्वीय प्रपंजी लेख्यात (अधिकाऱ्याच्या नावे असलेल्या कोषागारातल्या ठेव खात्यात) किंवा महामंडळाच्या बँक खात्यात ठेवला जातो. हिशेबात ‘खर्च’ पडतो, जमिनीवर एक वीटही चढलेली नसते. संक्षिप्त देयकावर (तपशील नंतर देण्याच्या अटीवर) काढलेल्या रकमेची तपशीलवार देयके आणि अनुदानांची उपयोगिता प्रमाणपत्रे मागे राहण्याचे शेरे लेखापरीक्षणात ठरलेले आहेत. म्हणून नुसता खर्चाचा टक्का वाढला याने हुरळून जाऊ नये. खर्चाच्या तक्त्यात एक स्तंभ ‘स्वीय प्रपंजी व बँक खात्यांतली शिल्लक’ असा असला पाहिजे. जिल्हा परिषदेकडे गेलेला निधी पुढच्या ३१ मार्चपर्यंत खर्च करता येतो. तिथेही शिल्लक कळली नाही तर खर्चाचे चित्र चुकते.

उलट टोकाला थकलेली देयके आहेत. सरकारी हिशेब रोखीच्या पद्धतीने ठेवला जातो. पैसे दिले त्या दिवशी खर्च लागतो. काम पूर्ण झाले, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, देयक सादर झाले, पण निधी आला नाही, तर ते देणे अर्थसंकल्पाच्या कुठल्याही स्तंभात दिसत नाही आणि तुटीतही धरले जात नाही. रस्ते, इमारती आणि पाणीयोजनांच्या कंत्राटदारांनी थकबाकीसाठी आंदोलने केली ती याच न दिसणाऱ्या रकमेसाठी. याचे मूळ प्रशासकीय मान्यतांमध्ये आहे. एखाद्या शीर्षाखाली १०० कोटींची तरतूद असताना त्याच्या कितीतरी पट किमतीच्या कामांना मान्यता मिळते, प्रत्येकापुढे थोडी थोडी रक्कम टाकली जाते आणि उरलेले दायित्व पुढच्या वर्षांवर ढकलले जाते. प्रत्येक बांधकाम लेखाशीर्षापुढे तीन आकडे छापा: मंजूर कामांची एकूण किंमत, आजवर दिलेली रक्कम, सादर होऊन थकलेली देयके. नव्या कामांची यादी कितपत खरी आहे ते वाचणाऱ्याला लगेच कळेल.

विधिमंडळाचे काय? अर्थसंकल्पातल्या सगळ्या मागण्यांवर सविस्तर चर्चेला वेळ पुरत नाही, उरलेल्या मागण्या शेवटी एकत्र मतास टाकल्या जातात. संसदेने यावर १९९३ मध्ये विभागांशी संलग्न स्थायी समित्यांचा मार्ग काढला. मागण्या समितीकडे जातात, सचिवांना बोलावून प्रश्न विचारले जातात, अहवाल येतो आणि मग मतदान होते. केरळच्या विधानसभेतही विषय समित्या मागण्या तपासतात. आपल्याकडे लोकलेखा समिती आणि अंदाज समिती आहेत, पण लोकलेखा समितीचे काम खर्च झाल्यानंतरचे आहे. मतदानापूर्वीची तपासणी रुजलेली नाही. सर्व मागण्यांसाठी एकदम जमत नसेल तर सुरुवात पुरवणी मागण्यांपासून करावी: मांडल्यापासून सात दिवस समितीकडे, समितीचा लेखी अभिप्राय, मग मतदान. खरोखर तातडीची बाब असेल तर आकस्मिकता निधी आहेच. तो मुळात १५० कोटींचा आहे, अध्यादेशाने तात्पुरता वाढवता येतो, आणि त्यातून उचललेल्या रकमेची भरपाई पुरवणीतूनच करावी लागते. म्हणजे समितीच्या सात दिवसांनी कुठलेही मदतकार्य अडणार नाही. महालेखापरीक्षकांचे अहवालही अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी नव्हे, पहिल्या आठवड्यात पटलावर यावेत. शेवटच्या दिवशी आलेल्या अहवालावर त्या अधिवेशनात कुणी प्रश्न विचारू शकत नाही.

विभागांत प्रामाणिकपणे काम करणारे लेखाधिकारी पुष्कळ आहेत. असे तक्ते त्यांनाही हवे असतात, कारण वरून आलेली अवाजवी मागणी थांबवायला त्यांच्या हाती छापील आकड्याइतके भक्कम दुसरे काही नसते. या पत्रातल्या बहुतेक गोष्टींना कायदा बदलावा लागत नाही. पुरवणी मागण्यांच्या नमुन्यात पाच स्तंभ वाढवायला वित्त विभागाचे एक परिपत्रक पुरेल: मूळ तरतूद, आजपर्यंत वितरित, आजपर्यंत खर्च, त्याच मागणीतली अपेक्षित बचत आणि हा खर्च मार्चमध्ये का धरला नव्हता याचे कारण. कारणांसाठी चारच पर्याय ठेवावेत: आपत्ती, न्यायालयाचा आदेश, केंद्राचा वाढीव हिस्सा, किंवा अर्थसंकल्पानंतर घेतलेला धोरणात्मक निर्णय. निर्णयाची तारीख शेजारी असावी.

संपादक महोदय, तुम्हालाही एक विनंती आहे. पुढच्या अधिवेशनात पुरवणी मागण्यांची चौकट छापताना विभागाच्या नावापुढे मागितलेल्या रकमेबरोबर त्या विभागाची मूळ तरतूद आणि त्या दिवशी बीम्सवर दिसणारा खर्च, हे दोन आकडे जरूर छापा. ज्या विभागाचा खर्च मिळाला नाही त्याच्यापुढे ‘माहिती दिली नाही’ असे लिहा.

आपला,
एक वाचक, पुणे